दूध नको वाटतं तेव्हा : पहिल्या तीन महिन्यांसाठी फळांचे बिनदुधाचे पेले



मागच्या सभेत हप्ते गोळा झाले, वही मिटली आणि सगळ्या उठायला लागल्या, तेव्हा एक ताई मागे रेंगाळली. हळूच म्हणाली, "सुनेला दिवस गेलेत. दोन महिने होत आले. दुधाचा पेला पुढे केला की तोंड धरून मोरीत पळते. पोटात काही ठरतच नाही. काय देऊ तिला?" आणि लगेच पुढे, "पण कोणाला बोलू नका हां, अजून तीन महिने व्हायचेत."

ताईच्या बोलण्यात दोन गोष्टी होत्या. दूध नको तर काय द्यायचं, ही पहिली. आणि तीन महिने कोणाला कळू द्यायचं नाही, ही दुसरी. पहिलीचं उत्तर सोपं आहे, आपल्या बाजारातल्या फळांत आहे. दुसरीचं जरा अवघड आहे. आजच्या पाठात दोन्ही बघू.

मळमळ होते म्हणजे काही बिघडलं का?

नाही. दहा गरोदर बायकांपैकी सात-आठ जणींना पहिल्या महिन्यांत मळमळ किंवा उलटीचा त्रास होतो. शेवटच्या पाळीपासून मोजलं तर साधारण सहाव्या आठवड्याच्या सुमाराला सुरू होतो, नवव्या आठवड्याच्या आसपास सगळ्यात जास्त असतो आणि बहुतेक जणींचा तीन-चार महिने होईपर्यंत कमी होतो. गर्भ राहिल्यावर अंगात काही द्रव्यं झपाट्याने वाढतात, त्यामुळे असं होतं. सून नाजूक आहे, नाटकं करते, कामाचा कंटाळा करते, असं काही नसतं. 'सकाळच्या उलट्या' म्हणतात खरं, पण त्या दुपारी होतात, संध्याकाळीही होतात.

या दिवसांत वास फार लागतो. फोडणीचा, माशांचा, उकळत्या दुधाचा. आपल्या कळंबोलीत तर स्टील मार्केटकडे जाणाऱ्या ट्रकांचा धूर दारापर्यंत येतो, त्यानेही पोटात ढवळतं.

दूधच का नको होतं?

तापवलेल्या दुधाचा वास आणि वर धरलेली साय, यानेच पुष्कळ जणींना उमळून येतं. सायीचं, म्हशीचं घट्ट दूध पोटात जड होऊन बराच वेळ राहतं, मग ढेकर आणि जळजळ. शिवाय काही जणींना एरवीही दूध पचत नाही, पोट फुगतं, जुलाब होतात.

म्हणून दूध वाईट, असं मात्र समजू नका. ज्यांना चालतं त्यांनी जरूर प्यावं. कोणाला थंड दूध चालतं, कोणाला ताक चालतं, तेही बघावं. पण जिला चालत नाही तिला "बाळासाठी पी" म्हणून नाक दाबून पाजू नका. ते दूध उलटून पडतं आणि जाताना आधीचं खाल्लेलंही घेऊन जातं. दोन-तीन महिने दूध नाही घेतलं म्हणून बाळाचं नुकसान होत नाही. नुकसान होतं ते अंगातलं पाणी कमी झाल्याने.

पेल्यात काय घालायचं?

शहरात ज्याला स्मूदी म्हणतात ती काही नवलाची गोष्ट नाही. गर न गाळता केलेला फळाचा दाट रस, एवढंच. शिकरण आपण पिढ्यान्‌पिढ्या करतो, त्यातलं दूध काढून तिथे शहाळ्याचं पाणी, नारळाचं पातळ दूध किंवा साधं पाणी घालायचं. खोक्यातलं बदामाचं नाहीतर सोयाचं महाग दूध आणायची काही गरज नाही.

फळांची आपल्याकडे ददात नाही. पुणे-सोलापूरकडून वाशीच्या फळबाजाराला निघालेले ट्रक एक्स्प्रेसवे उतरून आपल्या दारावरूनच जातात. पनवेलच्या बाजारात वेलची केळी, पेरू, चिकू, डाळिंब, संत्री, मोसंबी मिळतात, उन्हाळ्यात कलिंगड आणि ताडगोळे. ज्या ऋतूत जे स्वस्त, ते घ्या.

खाली पाच प्रकार दिलेत. प्रत्येकाचं माप एका पेल्याचं आहे.

१. केळं आणि शहाळं. दोन पिकलेली वेलची केळी (मोठं केळं असेल तर अर्धंच), अर्धा पेला शहाळ्याचं पाणी, असली तर थोडी कोवळी मलई, वरून लिंबाचे चार थेंब. मिक्सरला फिरवा. लाइट नसेल तर केळं हाताने कुस्करून रवीने घुसळा. रिकाम्या पोटीही हे सहसा सोसतं. किडनीचा आजार असेल तर शहाळं डॉक्टरांना विचारूनच.

२. कलिंगड आणि पुदिना. दोन वाट्या कलिंगडाच्या बिया काढलेल्या फोडी, पुदिन्याची पाच-सहा पानं, चिमूटभर साधं मीठ, थोडं लिंबू. यात पाणी घालावंच लागत नाही. पुदिन्याचा वास नको झाला तर तो सोडा. काळं मीठ मात्र घालू नका, त्याच्या उग्र वासाने काही जणींना जास्तच मळमळतं.

३. पेरू आणि संत्रं. एक मऊ पिकलेला पेरू फोडी करून अर्धा पेला पाण्यात फिरवा आणि बियांपुरता मोठ्या गाळणीतून गाळा. त्यात एका संत्र्याचा किंवा मोसंबीचा रस घाला. आंबटगोड असल्यामुळे तोंडाला चव येते. पेरू आणि संत्रं दोन्हींत क जीवनसत्त्व भरपूर असतं. अन्नातलं लोह अंगी लागायला त्याची मदत होते.

४. चिकू, खजूर आणि नारळाचं दूध. एक चिकू, बिया काढून भिजवलेले दोन खजूर, अर्धा पेला नारळाचं दूध. इथे एक लक्षात ठेवा : खोबरं वाटून पहिल्यांदा पिळलेलं दाट दूध सोलकढीला ठेवा. तोच चोथा पाणी घालून परत पिळा. ते दुसरं, पातळ दूध यात घालायचं. दाट दुधात तेलाचा अंश जास्त, ते गाईम्हशीच्या दुधासारखंच जड पडतं. साखर अजिबात घालू नका, चिकू-खजूर पुरेसे गोड असतात.

५. नाचणी आणि केळं. दोन चमचे नाचणीचं पीठ एक वाटी पाण्यात कालवून, ढवळत पाच-सात मिनिटं शिजवा. गार झाल्यावर त्यात एक वेलची केळं कुस्करा, हवा तर चमचाभर गूळ आणि एक चमचा भाजलेल्या शेंगदाण्याचं कूट घाला. दाट वाटलं तर उकळून गार केलेलं पाणी घालून पातळ करा. हा पेला पोटभरीचा आहे, सकाळी काहीच न खाल्लेल्या बाईला आधार देतो.

कुठल्याही पेल्यात चिमूटभर किसलेलं आलं चालतं. मळमळीवर आल्याचा उपयोग होतो, हे अभ्यासातही दिसलं आहे. पण आल्याचा काढा करून दिवसभर पीत बसू नका. त्याने छातीत जळजळ होईल.

आता या पेल्यांत काय नाही, तेही समजून घ्या. फळांत प्रथिनं फार थोडी असतात. म्हणून दाण्याचं कूट, सातूचं पीठ यांची जोड द्यायची आणि वरणाचं पाणी, मऊ मुगाची खिचडी, उकडलेलं अंडं, जे सोसेल ते जेवणात ठेवायचं. दुधातलं कॅल्शियमही केळ्या-कलिंगडात नाही. ते नाचणीत आहे. १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम, गाईच्या तेवढ्याच दुधात १२०च्या आसपास. अर्थात पेल्यात आपण दोनच चमचे पीठ घालतो. म्हणून तीळ, राजगिरा, पालेभाजी हेही पोटात जाऊ द्या. वास सोसायला लागला की सुकट-जवळाही चालू करा. चौथ्या महिन्यापासून सरकारी दवाखान्यातून कॅल्शियमच्या गोळ्या मिळतात, त्या घ्यायच्याच.

कसं प्यायचं, हेही तितकंच महत्त्वाचं

पेला भरून हातात देऊन "संपव" म्हणू नका. दोन-तीन घोट घ्यायचे, दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, परत दोन-तीन घोट. एक पेला तासभर पुरला तरी चालेल.

सकाळी उठल्याबरोबर पातळ काही घेऊ नये. आदल्या रात्रीच उशाशी वाटीभर कुरमुरे नाहीतर ज्वारीच्या लाह्या झाकून ठेवा. अंथरुणातच चार घास कोरडे खायचे, थोडं पडून राहायचं, मग हळूच उठायचं. पोट अगदी रिकामं राहिलं की मळमळ वाढते, आणि खूप भरलं तरी वाढते.

जेवताना फार पाणी किंवा रस नको. जेवण आणि पेला यांच्यात अर्धा तास जाऊ द्या. पेला गार असला की वास कमी येतो, म्हणून माठातल्या पाण्यात भांडं ठेवून गार करा. उलटी झाली तर साध्या पाण्याने चूळ भरा, लगेच दात घासू नका. उलटीतल्या आंबटपणाने दातांचा वरचा थर मऊ झालेला असतो, अर्ध्या तासाने घासा.

दिवसाला असा एक, फार तर दोन पेले पुरे. फळांतही साखर असते. घरात कोणाला मधुमेह असेल, किंवा मागच्या खेपेला साखर वाढली असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. गरोदरपणात पहिल्या तपासणीलाच साखर बघतात, ती तपासणी टाळू नका.

स्वच्छतेत कसूर नको

पाणी उकळून गार केलेलंच वापरा. फळ कापायच्या आधी सालासकट नळाखाली चोळून धुवा, कलिंगडसुद्धा. सुरी आधी साल कापते आणि सालावरची घाण आत नेते. गाडीवरच्या कापलेल्या फोडी, रस्त्यावरचा बर्फ घातलेला उसाचा रस या दिवसांत नकोच. दूषित पाण्यातून एक प्रकारची कावीळ होते, ती गरोदर बाईच्या, विशेषतः शेवटच्या महिन्यांत, जिवावर बेतू शकते. आणि पेला केला की लगेच प्या. सकाळचा दुपारी नको.

पपई आणि अननसाचं काय?

हा प्रश्न प्रत्येक सभेत येतो. कच्ची आणि अर्धवट पिकलेली पपई गरोदरपणात खाऊ नये, तिच्यातल्या चिकाने गर्भाशय आकसू शकतं. पूर्ण पिकलेल्या पपईची फोड चुकून खाल्ली म्हणून रात्रभर रडत बसायचं कारण नाही. अननसाच्या एक-दोन फोडींनी गर्भ पडतो याला आधार नाही, पण तो आंबट असल्याने जळजळ वाढवतो. माझं म्हणणं एवढंच : सासूबाईंच्या मनात धास्ती असेल तर त्यावरून घरात वाद नको. बाजारात दहा फळं आहेत, ही दोन चार महिने बाजूला ठेवली तर काही अडत नाही. पण उद्या कुठल्या सुनेचा गर्भ दुर्दैवाने राहिला नाही, तर "तू पपई खाल्लीस" म्हणून तिच्या माथी दोष मारू नका. पहिल्या महिन्यांत गर्भ पडतो तो बहुतेक वेळा गर्भातच मुळात दोष असल्यामुळे. आईने काय खाल्लं, किती काम केलं, याच्याशी त्याचा सहसा संबंध नसतो.

पेल्याने भागत नाही, ते कसं ओळखायचं?

हे नीट वाचा, आणि जिला वाचता येत नाही तिला वाचून दाखवा. शंभरात एक ते तीन जणींना उलट्या इतक्या होतात की घरच्या उपायांनी भागतच नाही. खालचं एक जरी लक्षण दिसलं तरी त्याच दिवशी दवाखाना गाठा :

- चोवीस तासांत पाण्याचा घोटसुद्धा पोटात ठरला नाही.
- लघवी अगदी कमी आणि गडद पिवळी होते, किंवा आठ तासांत झालीच नाही.
- उठताना चक्कर येते, डोळ्यांपुढे अंधारी येते, जीभ कोरडी पडते.
- वजन घटत चाललंय, कपडे सैल होतायत.
- उलटीत रक्त दिसलं, ताप आला, पोटात जोराने दुखतंय, अंगावरून लाल जातंय.

तिथे सलाईन लावतात आणि गरोदरपणात चालणारी उलटीची औषधं देतात. मेडिकलमधून स्वतःच्या मनाने गोळी आणून देऊ नका. दवाखान्यात पोहोचेपर्यंत ओआरएसची पुडी लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात कालवून चमच्या-चमच्याने पाजत राहा. पुडी आशाताईंकडे मिळते. गरोदर बाईला सरकारी रुग्णालयात न्यायला १०२ नंबरची गाडी फुकट येते, जिवावरचा प्रसंग असेल तर १०८ लावा. २०११पासून जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी रुग्णालयात गरोदर बाईच्या तपासण्या आणि औषधं मोफत आहेत. "पैसे नाहीत म्हणून उद्या बघू" असं म्हणायची वेळ येऊ देऊ नका.

आता ते तीन महिन्यांचं गुपित

मलाही माझ्या वेळी "तीन महिने कोणाला सांगायचं नाही" असंच बजावलं होतं. दृष्ट लागेल, काही कमी-जास्त झालं तर लोक बोलतील. त्यामागची माया मला कळते. पण त्या तीन महिन्यांत मी शेजारच्या शेतावर कामाला जात होते, बांधाआड उलट्या करत होते आणि विचारलं की "पित्त झालंय" म्हणत होते. कोणी पाण्याचा तांब्याही पुढे केला नाही. करणार कसा? कोणाला माहीतच नव्हतं.

आणि मुख्य गोष्ट मला फार उशिरा कळली. बाळाचा मेंदू आणि पाठीचा कणा ज्यातून तयार होतो ती नळी गर्भ राहिल्यापासून साधारण २८ दिवसांत मिटते. म्हणजे पाळी चुकून दोन आठवडे होतायत तोवर ते काम झालेलंही असतं. ही नळी नीट मिटावी म्हणून फॉलिक अ‍ॅसिडची गोळी लागते, रोज ४०० मायक्रोग्रॅमची एक. मूल हवं असं ठरवलं की आधीपासूनच घेतलेली सगळ्यात चांगली. नाहीतर पाळी चुकल्याचं कळल्याबरोबर, तीन महिने पूर्ण होईपर्यंत. फळांत थोडं फॉलिक अ‍ॅसिड असतं, पण कितीही पेले प्यायले तरी ते गोळीची जागा घेत नाहीत. सकाळी गोळी उलटून पडत असेल तर रात्री झोपताना घ्या. लोहाची गोळी चौथ्या महिन्यापासून सुरू होते. ती चहाबरोबर आणि कॅल्शियमच्या गोळीबरोबर घ्यायची नाही, लिंबूपाण्याबरोबर किंवा पेरू-संत्र्याच्या पेल्याबरोबर घेतली तर चांगली लागू पडते.

म्हणजे बघा, तीन महिने गुपित ठेवायचं आणि मग नाव नोंदवायला जायचं, तर जी गोळी सगळ्यात आधी लागत होती तिची वेळच निघून जाते. गावभर सांगू नका, पेढे वाटू नका, ते तुमच्या मनावर. पण तिघांना सांगाच : नवऱ्याला, घरातल्या एका बाईला आणि आशाताईंना किंवा नर्सबाईंना. नाव बारा आठवड्यांच्या आत नोंदवून घ्या. दृष्ट लागेल वाटत असेल तर मीठ-मोहऱ्या ओवाळा, पण नाव नोंदवून आल्यावर.

त्या ताईंनी दुसऱ्या दिवशी सुनेला विचारलं, "तुला काय खावंसं वाटतं ते सांग, मी आणते." तिला आंबट हवं होतं. पेरू-संत्र्याचा अर्धा पेला दुपारभर घोट घोट करून तिच्या पोटात ठरला. संध्याकाळी दोघी मिळून आशाताईंकडे जाऊन आल्या.

पुढच्या सभेत बोलण्यासाठी

१. आपल्या वस्तीत पहिल्या तीन महिन्यांतल्या किती जणींनी नाव नोंदवलंय? नावं घेऊ नका, नुसता आकडा आशाताईंना विचारा.

२. सुनेला किंवा लेकीला दूध सोसत नसेल तर वरच्या पाचांपैकी कुठला पेला तुमच्या घरात लगेच करता येईल? एक करून सभेत आणा, सगळ्या मिळून चव बघू.

३. रात्री-अपरात्री दवाखान्यात जायची वेळ आली तर गटातली कोण सोबत जाईल, गाडीला फोन कोण लावेल? दोन नावं ठरवून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

४. दवाखान्याची लक्षणं मोठ्या अक्षरांत कागदावर उतरवून प्रत्येकीने स्वयंपाकघरात, डब्यांच्या फळीजवळ चिकटवा.